अलिबागचं महागडं हॉटेल: पोपटीला पैकीच्या पैकी, सालमनला नाही

आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून मी आणि दादाने मिळून त्यांना दोन रात्री अलिबागच्या एका लक्झरी हॉटेलात न्यायचं ठरवलं. दादा बंगलोरला, त्याला सुट्टी मिळाली नाही, मग आई, बाबा, मी आणि नवरा असे चौघं गेलो. हॉटेलचं नाव इथे लिहीत नाहीये, कारण चांगल्याबरोबर तक्रारीही आहेत आणि त्या मी त्यांना मेलवर सविस्तर कळवल्यात. पण अशा ठिकाणी एवढे पैसे घालायचे की नाही हा प्रश्न खूप जणांना पडतो, आम्हालाही महिनाभर पडला होता, म्हणून जे जसं झालं तसं लिहितेय.

शनिवार-रविवारचे दर बघून आम्ही मंगळवार-बुधवार घेतला. बुक केल्यावर आईने कॅलेंडर बघितलं तर मंगळवारी अंगारकी. आई म्हणाली राहू दे, मी घरून काहीतरी डब्यात घेईन. मी हॉटेलला फोन करून सांगितलं की आमच्यातल्या एका ज्येष्ठ बाईंचा उपास आहे, रात्री चंद्रोदयानंतर सोडतात. फोनवरच्या मुलीने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, मॅम, क्विनोआ चालेल का? तेव्हाच जरा धाकधूक वाटली.

सकाळी दादरहून गाडी काढली आणि भाऊच्या धक्क्यावरून रो-रो घेतली. ज्यांनी अजून घेतली नाही त्यांनी नक्की घ्या, गाडी बोटीत चढवायची आणि तासाभरात मांडवा. अटल सेतूवरूनही जाता येतं पण पुढे पेण-वडखळचा रस्ता आहेच, आणि आईच्या गुडघ्यांना तेवढं बसणं झेपत नाही. जानेवारी असल्यामुळे समुद्र एकदम शांत आणि बोटीमागे सीगलचा थवा, आई सगळा वेळ डेकवर उभी होती.

हॉटेल अलिबागपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर, जुन्या सुपारीच्या वाडीत बांधलंय. झाडं तोडली नाहीत हे आत शिरताच कळतं, वाटा झाडांना वळसा घालून जातात. भिंती जांभ्याच्या, वर मंगळुरी कौलं, प्रत्येक कॉटेजला पुढे ओटी आणि ओटीवर झोपाळा. बाबांनी बॅग ठेवायच्या आधी झोपाळ्याच्या कड्या हलवून बघितल्या आणि मग तासभर तिथून उठलेच नाहीत. खोली प्रशस्त, पलंग उत्तम, चादरी इतक्या छान की आईने कापड कुठलं म्हणून विचारायला लावलं. मागच्या अंगणात छोटा स्विमिंग पूल आणि उघड्यावरचा शॉवर.

पण बाथरूमबद्दल बोलायलाच हवं. काचेची भिंत, पडदा बाहेरच्या बाजूने, आणि आत धरायला एकही दांडा नाही. फरशी गुळगुळीत काळी, ओली झाली की पाय सरकतो. ओटीच्या तीन पायऱ्यांनाही कठडा नाही. चोवीस हजार रुपये रात्रीचे घेणाऱ्या हॉटेलात ६८ वर्षांच्या बाईला आंघोळीला जाताना नवऱ्याचा हात धरावा लागतो, हे मला अजिबात पटलं नाही. सांगितल्यावर त्यांनी रबरी मॅट आणि एक स्टूल आणून दिलं, लगेच दिलं, पण हे आधीपासून असायला हवं. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर बुक करतानाच विचारा.

दुपारच्या जेवणाला मात्र सगळी धाकधूक गेली. आईच्या पुढ्यात वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, काकडीची कोशिंबीर आणि बाजूला लिंबाचं गोड लोणचं आलं. आमटीत आमसूल होतं आणि जिऱ्याची तुपातली फोडणी, नावापुरतं काहीतरी करून दिलंय असं कुठेच नव्हतं. आईने विचारलं कोणी केलंय, तर किचनमधून एक मावशी आल्या, शेजारच्याच गावच्या. म्हणाल्या, काकू, माझा पण उपास आहे, दोघींचं एकत्रच केलं. आई एवढी खूश झाली की आम्हाला आमच्या ताटातलं काय कसं आहे ते विचारायलाच विसरली. आमचं साधं शाकाहारी जेवण होतं, वालाचं बिरडं सोडलं तर लक्षात राहण्यासारखं नव्हतं.

आईला अंगारकीला गणपतीचं दर्शन हवं होतं आणि अलिबागेत आल्यावर कुलाबा किल्ल्यातल्या सिद्धिविनायकापेक्षा दुसरं काय. किल्ला भर समुद्रात, १६८० साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला, पुढे आंग्र्यांचं आरमारी ठाणं झाला, आतलं मंदिर आंग्र्यांनीच १७५९ मध्ये बांधलं. ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येतं, भरतीला वाट बंद. रिसेप्शनवर विचारलं तर तिथल्या मुलाने फोनमध्ये बघून सांगितलं, सर, तीन वाजता जा, बेस्ट टाइम. बाबा म्हणाले, आज चतुर्थी, चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीनला तर पूर्ण भरती असणार. तो मुलगा म्हणाला, नाही सर, ॲपवर आहे. आम्ही गेलो. तीन वाजता किनाऱ्यावर उभं राहिलो तर किल्ल्याच्या तटाला लाटा लागलेल्या. घोडागाडीवाल्याने सांगितलं, उद्या सकाळी साडेनऊला या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ मिळते आणि त्याच्या सहा तास मागे-पुढे ओहोटी, कोळीवाड्यात शाळकरी पोराला पण येतं. समुद्रकाठच्या हॉटेलात रिसेप्शनवर हे कोणालाच माहीत नसावं याचं वाईट वाटलं, कारण आई उपाशी होती आणि उन्हात जाऊन परत आली.

संध्याकाळी मात्र त्याच हॉटेलने असं काही केलं की दुपारचं सगळं विसरायला झालं. आमच्या टेबलवर जो वेटर होता, विशीतला मुलगा, खारेपाटातला म्हणजे इथल्याच खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातला, त्याने आईचा चंद्रोदय किती वाजता ते आमच्याआधी बघून ठेवलं होतं, नऊ वाजून गेल्यावर होता. तो येऊन म्हणाला, काकू, लॉनवर दिवे खूप आहेत, चंद्र नीट दिसायचा नाही, मागच्या वाडीच्या बाजूचे बंद करायला सांगितलेत, तिकडे खुर्च्या टाकतो. खरंच दिवे बंद केले. सुपारीच्या शेंड्यांमधून चंद्र वर येईपर्यंत आम्ही पंचवीस मिनिटं अंधारात बसलो होतो आणि मुंबईत मी शेवटचे एवढे तारे कधी बघितले ते आठवेना. तांब्यात पाणी, ताटात दुर्वा, जास्वंद आणि एकवीस मोदक. उकडीचे, केळीच्या पानावर, वर तूप. आईने एक मोदक हातात फिरवून बघितला, कळ्या मोजल्या, आणि मग अर्घ्य दिलं. तिला बोलताना बघितलं नाही मी त्या वेळी, नुसती त्या मावशींच्या डोक्यावर हात ठेवून उभी होती. मग दोघींनी शेजारी बसून उपास सोडला. यासाठी बिलात वेगळा एक रुपयाही लावला नव्हता, नंतर बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला किल्ला झाला, घोडागाडीने गेलो, चाकं जेमतेम अर्धी पाण्यात. परत येताना बाबांना चुंबकीय वेधशाळा बाहेरून तरी बघायची होती. हा त्यांचा आवडता विषय, मुंबईत ट्राम विजेवर चालवायचं ठरलं आणि त्या विजेने कुलाब्याच्या वेधशाळेतली पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं बिघडली असती म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं. बाबा बेस्टमधून रिटायर झालेत त्यामुळे ट्रामची कुठलीही गोष्ट ते घरच्यासारखी सांगतात. हॉटेलच्या सकाळच्या पक्षी-फेरीतही असंच झालं, तो गाइड मुलगा शिंदीच्या झाडाला लटकणारी सुगरणीची जुनी रिकामी घरटी दाखवत होता आणि त्याने सांगितलं की सालिम अलींनी १९३० मध्ये इथे जवळच किहीमला राहून सुगरणीचा अभ्यास केला, एक नर अनेक घरटी बांधतो आणि अर्धवट बांधलेलं घरटं मादीने येऊन पसंत केलं की मगच पुढचं पूर्ण करतो. ही फेरी फुकट असते आणि फार छान असते, झोपून राहू नका.

आता त्या रात्रीच्या जेवणाबद्दल, ज्यासाठी मुख्य खर्च केला होता. नऊ कोर्सचं टेस्टिंग मेनू, माणशी साडेपाच हजार, वर १८ टक्के जीएसटी. बुधवार म्हणजे आमच्याकडे हमखास मासे, त्यामुळे सगळे तयारीत होते.

सुरुवात चुकली. मेनू कार्ड इंग्रजीत, बारीक अक्षरात, मंद उजेडात. नवीन वेटर, सूट घातलेला, प्रत्येक पदार्थ इंग्रजीत पाठ म्हणल्यासारखा सांगून जायचा. आई मान हलवत होती पण तिला काही कळत नव्हतं आणि ती विचारणारही नव्हती. ती अशा वेळी हळूहळू गप्प होत जाते. पहिले तीन कोर्स असेच गेले. एक सोलकढीचा छोटा ग्लास, चांगला होता पण दोन घोटात संपला. मग कांद्याचं सूप, कार्डावर अलिबागचा पांढरा कांदा असं लिहिलेलं. आता सकाळीच आम्ही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याची लागवड बघितली होती, रोपं वीतभर झालेली. भात काढल्यावर कांदा लावतात आणि नवा कांदा निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, मग त्याच्या माळा वेणीसारख्या विणून रस्त्याकडेला विकायला येतात. बाबांनी विचारलं, हा कांदा इथला कुठला? वेटर आत जाऊन विचारून आला आणि खरं सांगितलं, नवा अजून निघायचाय सर, हा मार्केटमधून आणलाय. खरं बोलला याचं कौतुक, पण मग कार्डावर लिहू नका ना. जीआय मानांकन मिळालेला कांदा आहे, शेतकऱ्याने त्या नावासाठी खटपट केलीये, ते नाव कुठल्याही पांढऱ्या कांद्याला लावणं बरोबर नाही.

तिसरा कोर्स नॉर्वेचा सालमन. चांगला शिजवलेला होता, त्यात खोट काढता येणार नाही. पण आम्ही बसलो होतो तिथून चालत दहा मिनिटांवर कोळ्यांच्या होड्या लागतात, सकाळी फेरीला गेलो तेव्हा टोपल्यांमधून बोंबील, मांदेली, मुशी उतरताना बघितली होती. नवऱ्याने तो सालमन अर्धा ठेवला, आणि तो जेवण टाकणाऱ्यातला नाही. साडेपाच हजारात मला दूरदेशाहून बर्फात आलेला मासा नकोय, तो मला वांद्र्यात मिळतो. प्रत्येक कोर्समध्ये अंतरही फार, सालमननंतर पुढचं ताट यायला पस्तीस मिनिटं लागली, आईचे डोळे मिटायला लागले.

मग मी उठून मॅनेजरला सांगितलं की काल रात्रीचा तो मुलगा आमच्या टेबलला देता का. दिला. आणि तिथून जेवण बदललं, म्हणजे पदार्थ तेच ठरलेले, पण तो मराठीत सांगायला लागला आणि आई जागी झाली.

चौथा कोर्स कालवं. शिंपल्यातच निखाऱ्यावर धरलेली, वर आगळ म्हणजे कोकमाचा दाट रस आणि वाटलेली हिरवी मिरची, बस. तो सांगत होता, काकू, ही सकाळी ओहोटीला बायका कोयत्याने खडकावरून फोडून काढतात, माझी आजी पण जायची. बाबा तर लहानपणी आजोळी खाल्लेल्या कालवांवर सुरूच झाले. पाचवा जिताडा. मुंबईकरांना पापलेट-सुरमई-रावसच्या पुढे फार माहीत नसतं पण रायगडच्या माणसाला विचारा, जिताडा म्हणजे माशांचा राजा. खाडीतला मासा, खारेपाटात भातशेतीच्या कडेला तळी असतात त्यात वाढवतात, घरी पाहुणा आला की काढायचा. केळीच्या पानात वाफवलेला मोठा तुकडा आणि वेगळ्या वाटीत चिंचेचं पातळ लालभडक कालवण, त्यात मालवणी पद्धतीसारखा नारळाचा मारा नाही, फक्त लसूण, मसाला आणि चिंच. आईने हळूच विचारलं, थोडा भात मिळेल का? टेस्टिंग मेनूत भात नसतो बहुतेक, पण त्याने आणला, गरम, आणि आम्ही चौघांनी हाताने कालवण-भात खाल्ला. शेजारच्या टेबलवरच्यांनीही मग मागितला.

आणि सहावा कोर्स पोपटी. त्यासाठी आम्हाला टेबलवरून उठवून वाडीच्या टोकाला नेलं. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते, थंडीत वालाच्या शेंगा येतात तेव्हाचा हा प्रकार. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मग मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात गुंडाळून, अंडी, बटाटे, परत शेंगा, आणि तोंडाशी परत पाला गच्च दाबायचा. थेंबभर पाणी घालत नाहीत. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि सगळ्या बाजूंनी पेंढा, काटक्या, पालापाचोळा रचून पेटवायचं. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडून बघतात, चर्र झालं की झाली. भांबुर्डा रानातच उगवतो, त्याचा वास उग्र असतो, थोडा ओव्यासारखा थोडा धुरासारखा, आणि तो शेंगेच्या आत दाण्यापर्यंत जातो. हे सगळं तो मुलगा आणि त्याचे दोन मित्र करत होते, शेफ बाजूला हात मागे बांधून उभे. शेफ मुंबईबाहेरचे, पण त्यांनी स्वतः सांगितलं की यात मी काही बदलत नाही, मला यांनी शिकवलं. मडकं उघडलं तेव्हा जो वाफेचा लोट आला त्यात सगळे पुढे झुकले. शेंगा सोलून सोलून खाताना बोटं काळी झाली, अंड्याला धुराची चव, चिकन हाडापासून सुटलेलं. शेकोटीभोवती उभ्याउभ्याच खाल्लं. मी आजवर पुष्कळ महागड्या ठिकाणी जेवलेय, ऑफिसच्या पार्ट्या होतात, पण एवढं चांगलं काही खाल्ल्याचं मला आठवत नाही, अगदी मनापासून सांगतेय.

सात आणि आठ म्हणजे एक सरबत आणि एक मटणाचा तुकडा, पोपटीनंतर कोणाचं लक्षच नव्हतं. शेवटी गोडाला निनावं. हे बघून आईने चष्मा लावला. आम्ही सीकेपी, निनावं म्हणजे आमच्या घरचा विषय, चण्याचं पीठ, कणीक, गूळ आणि नारळाचं दूध घोटून घोटून मग भाजायचं, आजी वर निखारे ठेवून करायची. त्यांनी छोटी चौकोनी वडी दिली होती, वर जायफळ. आईचा निकाल असा, पीठ छान भाजलंय, गूळ किंचित जास्त, नारळाचं दूध मात्र डब्यातलं आहे. शेफना बोलावून सांगितलं तिने. मराठीत सांगितलं आणि त्या मुलाने भाषांतर केलं. शेफनी मान्य केलं की दूध डब्यातलंच. चारी बाजूंनी नारळ असताना.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की या किचनला सगळं येतं, माणसं हाताशी आहेत, सामान दारात आहे, आणि जिथे जिथे त्यांनी त्या मावशींवर आणि त्या पोरांवर विश्वास टाकला तिथे जेवण कुठल्या कुठे गेलं. सालमन, डब्यातलं दूध आणि पाठ केलेलं इंग्रजी यांची त्यांना काहीच गरज नाहीये.

पैशांचं सांगते. दोन खोल्या, दोन रात्री, ९६ हजार अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे १,१३,२८० रुपये, नाश्ता त्यात धरलेला. टेस्टिंग मेनू चौघांचं टॅक्ससकट २५,९६०. दुपारची जेवणं, चहा वगैरे धरून दीड लाखाच्या जवळ गेलं. जेवणाच्या बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लावला होता. तो असा लावायचा नाही हे ग्राहक प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय आणि दिल्ली हायकोर्टाने २०२५ मध्ये ते उचलून धरलंय. मी काढायला सांगितला, त्यांनी वाद न घालता काढला. तेवढीच रक्कम आम्ही त्या मुलाच्या आणि मावशींच्या हातात दिली. तुम्हीही बिल नीट बघा.

जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा, वालाच्या शेंगा असताना, आणि पोपटी आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी होत नाही. खोली वाडीच्या बाजूची मागा, समुद्राच्या बाजूला रात्री जनरेटरचा आवाज येतो, आमच्या खोलीत आला होता. जेवणाला वेळ काढून बसा, आणि काही हवं असेल, भात हवा असेल, मराठी बोलणारा माणूस हवा असेल, तर मागा, ते देतात.

माझ्या मेलला चार दिवसांनी जनरल मॅनेजरचं उत्तर आलं. बाथरूममध्ये दांडे बसवायला घेतलेत आणि मेनू कार्ड मराठीतही छापतायत असं लिहिलंय. सालमनबद्दल काही लिहिलेलं नाही. त्या मुलाला आईने निनाव्याची कृती व्हॉट्सॲपवर पाठवलीये, आवाज रेकॉर्ड करून, नऊ मिनिटांची. मार्चमध्ये कांद्याच्या माळा निघाल्या की बाबांना परत जायचंय, राहायला नाही, सकाळच्या रो-रोने जाऊन दुपारी नुसतं जेवायला.